कथा आधी, स्पर्धा नंतर

वाचकाचं पत्र

मी काही वर्षांपासून कथा लिहिते आणि जमेल तिथे स्पर्धेला पाठवते. एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एकदा पहिल्या निवडयादीत नाव आलं. बाकी सगळीकडे काही नाही. बरेचदा कथा पोहोचल्याचंही कुणी कळवत नाही. हल्ली मी मागच्या वर्षीच्या बक्षीसपात्र कथा वाचते आणि तसंच काहीतरी लिहायला बसते. माझी सगळ्यात आवडती कथा साडेसहा हजार शब्दांची होती. ती अडीच हजारांत बसवायची म्हणून तिच्यातला धाकटा भाऊ मी पूर्ण काढून टाकला. तीही निवडली गेली नाही. आता एका स्पर्धेकडून मेल आला आहे की तुमची कथा निवडक कथांमध्ये आहे, पण संग्रहात छापायची असेल तर ठरावीक प्रती विकत घ्याव्या लागतील. घरचे म्हणतात, घेऊन टाक. मला खरंच कळत नाही, स्पर्धा थांबवाव्यात की लिहिणंच? आणि एक कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवली तर चालते का?

— एक कथालेखिका

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या मेलबद्दल बोलते, कारण त्याला मुदत असणार आणि बाकीचं थोडं थांबू शकतं. प्रती घेऊ नका. निवड झाल्याचं कळवता कळवताच प्रतींचा हिशेब पुढे करणाऱ्या स्पर्धेचा खरा धंदा पुस्तकविक्रीचा असतो आणि तिचं गिऱ्हाईक असतो लेखक. जितक्या कथा निवडल्या तितकी विक्री, मग तिथे नाकारणार कोण? घरच्यांना तुमचं नाव छापलेलं बघायचं आहे, त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांना एवढंच समजावून सांगा की असं पुस्तक ज्यांच्या कथा त्यात आहेत त्यांच्या घरांपलीकडे सहसा जात नाही. मात्र मेलला उत्तर न देता गप्प बसू नका. ‘माझी कथा या संग्रहात छापायला माझी परवानगी नाही, कथेचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ असं स्पष्ट लिहून पाठवा आणि त्या उत्तराची प्रत जपून ठेवा. नाहीतर प्रती न घेताही कथा छापली जायची, आणि मग दुसरीकडे पाठवाल तेव्हा ती ‘पूर्वप्रकाशित’ म्हणून बाद व्हायची.

याचा अर्थ पैसे घेणारी प्रत्येक स्पर्धा खोटी असा नाही. ब्रिटनमधली ब्रिडपोर्ट स्पर्धा १९७३ पासून चालू आहे. ती प्रवेशशुल्क घेते आणि तरीही तिथल्या बक्षिसाला मान आहे. राष्ट्रकुल देशांतल्या लेखकांसाठी असलेली कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझ ही स्पर्धा काहीच घेत नाही. म्हणजे शुल्क आहे की नाही एवढ्यावरून ठरत नाही. मी काय बघते ते सांगते. परीक्षकांची नावं जाहीर आहेत का? आधीच्या विजेत्यांच्या कथा कुठे वाचायला मिळतात का? निकालाची तारीख दिली आहे का, आणि मागच्या वेळी ती पाळली होती का? पैसे कथा पाठवताना मागतात की निवड झाल्यावर? निवड झाल्यावर मागणारे मी तिथल्या तिथे सोडून देते. आणि नियमांच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, हक्कांविषयी काय लिहिलंय ते दोनदा वाचते. ‘विजेत्या कथा एकदा प्रकाशित करण्याचा हक्क आयोजकांना राहील’ हे वाक्य ठीक आहे. ‘आलेल्या सर्व कथांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असं असेल, तर बक्षीस कितीही मोठं असो, तिथे कथा देऊ नका. हरलेली कथासुद्धा तुमच्या हातून जाईल.

आता निकालांकडे वळू. तुमच्या पत्रातली खरी वेदना तिथे आहे. मी स्वतः कथा लिहिते, स्पर्धांना पाठवत आले आहे आणि पुढे काही स्पर्धांसाठी कथा वाचायलाही बसले आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर निकाल म्हणजे काय हे जितकं कळलं तितकं कथा पाठवून कधीच कळलं नव्हतं.

बहुतेक ठिकाणी आधी गठ्ठा वाटला जातो. ज्या मोठ्या परीक्षकाचं नाव जाहिरातीत असतं, त्याच्यापर्यंत सगळ्या कथा जातच नाहीत. पहिली चाळणी लावणारे वाचक वेगळे असतात आणि ते दिवसभराचं काम उरकून रात्री वाचत असतात. ते मनापासून वाचतात, पण एकामागून एक वाचतात. लागोपाठ तिसऱ्या कथेत आजारी वडिलांच्या खाटेशी बसलेला मुलगा भेटला की चौथ्या कथेतल्या वडिलांवर, ती कितीही चांगली असली तरी, थोडा अन्याय होतोच. तुमची कथा गठ्ठ्यात कुणाच्या मागे लागली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मग येतो गुणांचा तक्ता. कथाबीज, मांडणी, भाषा, व्यक्तिचित्रण, एकूण परिणाम असे रकाने असतात आणि शेवटी बेरीज. समजा तीन परीक्षक आहेत. एका कथेला ते ९०, ८५ आणि ५० गुण देतात. दोघांना ती विलक्षण वाटली, तिसऱ्याला मुळीच पटली नाही. बेरीज २२५. दुसऱ्या कथेला ७७, ७६ आणि ७५ मिळतात. कुणी तिच्या प्रेमात पडलं नाही, कुणाला ती खुपलीही नाही. बेरीज २२८. बक्षीस दुसरीला! इथे कुणी लबाडी केलेली नाही, बेरीज अशीच चालते. ज्या कथेवरून माणसं भांडतील ती या तक्त्यात मागे पडते. म्हणून मला ज्या स्पर्धांमध्ये परीक्षक शेवटी एकत्र बसून बोलतात त्या अधिक विश्वासाच्या वाटतात. अशा एका बैठकीत आमच्यातल्या एका परीक्षकाने खालच्या क्रमांकावरची कथा उचलली आणि तिच्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही बाकीचे तो परिच्छेद नजरेखालून घालून पुढे गेलो होतो. ती कथा पहिली आली. तो परीक्षक त्या दिवशी आला नसता तर तिच्या लेखकाला ‘आपली निवड होऊ शकली नाही’ असा मेल गेला असता, आणि कथा तीच राहिली असती, शब्दन् शब्द.

हे नवीन नाही. प्राचीन अथेन्समध्ये नाटकांच्या स्पर्धा होत. दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि त्यांची सगळी मतं मोजलीही जात नसत, काही मतं काढून त्यांवरच निकाल लागे. सोफोक्लीसचं ‘ईडिपस राजा’ हे नाटक आज शोकान्त नाटकाचा आदर्श म्हणून शिकवलं जातं. ते ज्या स्पर्धेत होतं तिथे त्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं गेलं फिलोक्लीसला, आणि त्याचं एकही नाटक आज उपलब्ध नाही. युरिपिडीसने नव्वदच्या आसपास नाटकं लिहिली आणि जिवंतपणी तो स्पर्धा जिंकला अवघ्या चार वेळा.

तुमच्या-माझ्यासारख्या कथा पाठवणाऱ्यांच्या जवळचं उदाहरण मात्र अमेरिकन कथाकार आणि कवी एडगर ॲलन पो याचं आहे. १८३१ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकाने सर्वोत्तम कथेसाठी १०० डॉलरचं बक्षीस लावलं. पोने कथा पाठवल्या. बक्षीस डेलिया बेकन या लेखिकेला मिळालं. पण त्याच साप्ताहिकाने पुढच्या वर्षभरात पोच्या पाच कथा छापल्या. मग १८३३ मध्ये बॉल्टिमोरच्या एका साप्ताहिकाने स्पर्धा जाहीर केली, कथेला ५० डॉलर आणि कवितेला २५. पोने सहा कथांचा संच आणि एक कविता पाठवली. कथेचं बक्षीस त्याला मिळालं. कविताही परीक्षकांना त्याचीच सरस वाटली होती, पण दोन्ही बक्षिसं एकालाच कशी द्यायची म्हणून कवितेचं बक्षीस दुसऱ्याला दिलं. तो दुसरा निघाला त्याच साप्ताहिकाचा संपादक, टोपणनावाने स्पर्धेत उतरलेला! पो भयंकर संतापला, आणि त्याचा संताप रास्त होता. पण त्या स्पर्धेने त्याला जे दिलं ते ५० डॉलरपेक्षा मोठं होतं. परीक्षकांपैकी जॉन पेंडल्टन केनेडी या लेखकाने त्याची लायकी ओळखली, त्याच्या हलाखीच्या दिवसांत त्याला मदत केली आणि रिचमंडच्या एका मासिकाच्या मालकाकडे त्याची शिफारस केली. १८३५ मध्ये पो त्या मासिकात कामाला लागला.

स्पर्धेकडून काय मिळू शकतं ते या हकिगतीत सगळं आलं, असं मला वाटतं. एका निकालात डावललेल्या कथा तिथेच छापल्या गेल्या, दुसऱ्या निकालात उघड गडबड होती, आणि तरीही त्याच गडबडीत एका अनोळखी, जाणत्या माणसाने कथा मन लावून वाचली. स्पर्धेला कथा पाठवायची ती त्या वाचनासाठी. बक्षीस आलं तर उत्तमच.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला वेगवेगळ्या ठिकाणी एकदा उत्तेजनार्थ मिळालं, एकदा यादीत नाव आलं. म्हणजे तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसांच्या दोन निरनिराळ्या गटांनी मोठ्या गठ्ठ्यातून तुमची कथा बाजूला काढली. हे तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलंत आणि नकारांवर मात्र भरभरून लिहिलंत. मी उलटं वजन देईन. होकारामागे कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं. नकारामागे शंभर कारणं असू शकतात: गठ्ठ्यातली जागा, बेरीज, त्याच विषयावरची दुसरी कथा, शब्दमर्यादा ओलांडली म्हणून न वाचताच बाजूला ठेवणं. कॉमनवेल्थच्या स्पर्धेला २०२४ मध्ये सात हजारांहून जास्त कथा आल्या. विभागीय विजेते असतात पाच. उरलेल्या सगळ्या कथा वाईट होत्या असं कुणीच म्हणणार नाही. तेव्हा लिहिणं थांबवावं का, हे स्पर्धेच्या निकालाला विचारू नका. त्याच्याकडे ते उत्तर नाही.

कथेत काय कमी आहे हे समजायला माणसं लागतात. तुमच्या लिखाणाचं कौतुक करणं ज्यांच्यावर बंधनकारक नाही असे दोन वाचक शोधा. त्यांना ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. ‘कुठे वाचणं थांबवावंसं वाटलं?’ असं विचारा आणि ती जागा पेन्सिलीने खूण करून द्यायला सांगा. दोघांच्या खुणा एकाच परिच्छेदावर आल्या तर तिथे काम आहे.

मागच्या वर्षीच्या विजेत्या कथा जरूर वाचा, तशा लिहायला मात्र बसू नका. परीक्षक बहुधा बदललेले असतात हे एक. दुसरं, त्या गठ्ठ्यात तुमच्यासारखाच विचार केलेल्या कितीतरी जणांच्या त्याच वळणाच्या कथा असतात आणि पहिल्या चाळणीच्या वाचकाला त्या लगेच ओळखू येतात. मागच्या वर्षीची कथा उठून दिसली ती शेजारच्या कथांसारखी नव्हती म्हणून.

धाकट्या भावाचं वाचून मला वाईट वाटलं. साडेसहा हजार शब्दांची कथा पाच हजारांत आणता येते. पाल्हाळ जातो, दोनदा सांगितलेलं एकदा सांगता येतं, आणि पहिलं दीड-दोन पान बहुतेक वेळा निघूनच जातं, कारण तिथे लेखक अजून स्वतःलाच गोष्ट सांगत असतो. गठ्ठे वाचताना हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की माझ्या स्वतःच्या कथेचं दुसरं पान मी आता पहिलं समजूनच वाचते. पण साडेसहाचं अडीच करायचं म्हणजे कथा कापणं होत नाही, दुसरी कथा लिहिणं होतं. तिला वेगळा प्रसंग लागतो, वेगळा काळ लागतो. तुम्ही जुनीच कथा ठेवलीत आणि तिच्यातला माणूस काढलात.

असं करा. जुना, पूर्ण खर्डा उघडा आणि भाऊ जिथे जिथे आहे ते प्रसंग वाचा. मग छोटा खर्डा वाचा आणि बघा, त्याच प्रसंगांत बाकीची पात्रं आता कुणाशी बोलतात, कुणापासून काही लपवतात, कुणासमोर गप्प राहतात. जिथे ती कुणाशीच बोलत नाहीत आणि मनातल्या मनात विचार करत बसतात, तिथे त्याची जागा रिकामी आहे. माझा अंदाज आहे की असे विचार छोट्या खर्ड्यात वाढले असतील. भाऊ परत आणा. मग कथा स्वतःहून जितकी आखडेल तितकी आखडू द्या आणि त्या लांबीची स्पर्धा शोधा. कॉमनवेल्थची मर्यादा दोन ते पाच हजार शब्दांची आहे आणि तिथे इंग्रजीत अनुवाद केलेली कथाही चालते. दोन हजारांच्या आतल्या स्पर्धा पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी मुळातच लहान जीव असलेल्या कथा वेगळ्या लिहा. आणि तुमची कथा साडेसहा हजारांचीच राहिली तर ती थेट संपादकाकडे पाठवा. स्पर्धेत बसत नाही म्हणून कथा चुकीची ठरत नाही.

स्पर्धेची मुदत मात्र वापरून घ्या. अर्धवट पडलेली कथा पूर्ण करायला तारखेसारखं दुसरं काही नाही, आणि माझ्या बऱ्याच कथा कुठल्यातरी तारखेमुळेच पूर्ण झाल्या आहेत. फक्त कथा आधीपासून मनात असू द्या. विषय जाहिरातीतून घेतला की लिहिताना सतत समोर परीक्षक बसलेला असतो, आणि त्याला काय आवडेल या विचारात पात्रं शहाण्यासारखी बोलायला लागतात. तुमच्या हल्लीच्या कथांमध्ये असं झालंय का, ते एकदा तटस्थपणे बघा.

पाठवण्याआधी एक तपासणी. बऱ्याच ठिकाणी कथेवर लेखकाचं नाव चालत नाही. पहिल्या पानावरून नाव काढलं तरी ते तीन ठिकाणी उरतं: प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात, फाइलच्या नावात, आणि वर्डच्या फाइलची माहिती उघडली की दिसणाऱ्या ‘लेखक’ या रकान्यात. तिसरं कुणाच्या लक्षातच येत नाही. शब्दसंख्येत शीर्षक धरायचं का, फाँट कोणता, वर्ड की पीडीएफ, कथा स्वतःच्या फेसबुकवर टाकलेली असेल तर ती पूर्वप्रकाशित मानतात का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. कथा न वाचता बाद व्हायची सगळ्यात जास्त कारणं इथेच असतात.

शेवटचा प्रश्न, एक कथा दोन ठिकाणी. नियमात ‘अन्यत्र विचाराधीन नसावी’ असं असेल तर पाठवू नका, निकाल लागेपर्यंत थांबा. निकालाची जाहीर तारीख उलटून महिना झाला आणि विचारूनही उत्तर आलं नाही, तर ‘मी कथा मागे घेत आहे’ असं कळवून मोकळ्या व्हा. नियमात काहीच लिहिलेलं नसेल तर आधी मेल करून विचारा. एकाच वेळी पाठवायला परवानगी असेल तर जरूर पाठवा, मात्र एका ठिकाणी निवड झाली की दुसऱ्या ठिकाणी त्याच दिवशी कळवा. उशीर केलात आणि दोन्हीकडे नाव लागलं, तर तिथे तुमच्यामुळे एका दुसऱ्या कथेची जागा गेलेली असते. म्हणून प्रत्येक कथेसाठी एका वहीत नोंद ठेवा: कुठे पाठवली, कधी पाठवली, निकाल कधी, कोणता खर्डा पाठवला. कोणता खर्डा हे तर नक्की लिहा, कारण तुमच्याकडे आता एकाच कथेचे दोन आहेत आणि निवड झालीच तर छापायला भाऊ असलेला जायला हवा.